परिस्थिती पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या घरी गरिबी पुष्कळ होती, पण ती नीट मांडून दाखवण्याची अक्कल घरात एकालाही नव्हती.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बडनेऱ्याहून अमरावतीकडे येताना रस्त्याला लागून आमचा लहानसा मळा, मळ्यात विहीर, आणि विहिरीपासून चाळीस पावलांवर कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. बाबा वांगी, मेथी, कोबी आणि झेंडू पिकवायचे. माय टोपली डोक्यावर घेऊन अमरावतीच्या बाजारात जायची. मी बी.ए. झालो तो त्या टोपलीवर, आणि नागपूरच्या लॉ कॉलेजात नाव घातलं तेही त्याच टोपलीच्या भरवशावर. पहिल्या सहामाहीची फी वांग्यांनी भरली. दुसरीची झेंडूने. (त्या दसऱ्याला झेंडूला असा भाव आला की बाबा पुढचे आठ दिवस बैलाशीसुद्धा अदबीने बोलत होते!) तिसऱ्या सहामाहीला मात्र वांग्यांत अळी पडली, मेथी अवकाळी पावसाने झोपवली, आणि कॉलेजच्या नोटीस-बोर्डावर माझं नाव झळकलं. गुणवंतांच्या यादीत नव्हे. महिनाअखेर फी न भरल्यास ज्यांची नावं कमी होतील, त्या यादीत.

घाबरलो असं वाटत असेल तर तसं नाही. वर्षभर कायदा शिकलेल्या माणसाला जगातली कुठलीही अडचण म्हणजे फक्त नीट न लिहिलेला अर्ज वाटतो. आमच्या समाजातल्या चार पुढारलेल्या मंडळींनी अकोल्यात गरीब विद्यार्थ्यांसाठी एक फंड काढला होता. मी अर्ज ठोकला. काय अर्ज होता तो! "अर्जदाराचे घरी पाहुण्यास बसावयास सतरंजीही नाही. अर्जदाराचे वडील अंगातील एका बंडीवर वर्ष काढतात. घरात धातूची म्हणण्यासारखी वस्तू म्हणजे एक विळा." (विळे दोन होते. पण दुसऱ्याची मूठ मोडलेली, म्हणून तो मी पुराव्यात धरला नाही.)

आठ दिवसांनी उत्तर आलं. फंडाचे चिटणीस तात्यासाहेब येत्या रविवारी स्वतः घरी येऊन परिस्थिती पाहतील आणि मग ठरवतील.

आता घरी कळवायला हवं होतं. मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि पेन उघडलं. इथे माझी खरी चूक झाली. पोस्टकार्ड म्हणजे उघडा कागद. तो पोस्टमन वाचणार, वाटेत चहावाला वाचणार, शेवटी शाळेचे गुरुजी मोठ्याने वाचणार, कारण बाबांना आणि मायला अक्षर येत नव्हतं. अशा कागदावर 'मदत' हा शब्द लिहायला माझा हातच धजेना. बी.ए. झालेला मुलगा फंडाकडे हात पसरतो, हे साऱ्या गावाने का वाचावं? म्हणून मी भारदस्त भाषेत लिहिलं :

"अकोल्याचे तात्यासाहेब रविवारी आपले घर व परिस्थिती समक्ष पाहण्यास येत आहेत. माझे पुढील सर्व आयुष्य त्यांच्या होकारावर अवलंबून आहे. त्यांना परिस्थितीची पूर्ण कल्पना यावी, काहीही झाकून ठेवू नये. मी त्यांच्यासोबतच येईन. बाकी बोलणी समक्ष."

लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि स्वतःवर खूश झालो.

हे कार्ड गुरुजींनी आमच्या अंगणात कसं वाचलं, ते मला नंतर मायने सांगितलं. शेवटपर्यंत वाचून गुरुजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "सुखदेवभाऊ, पेढे काढा."

बाबा म्हणाले, "कायचे पेढे? पास झाला काय?"

"पास कायचा! अजी, घर पाह्याले कोन येते? परिस्थिती पाह्याले कोन येते? पोरीचा बाप येते! अन् पोरगा काय लिहून राह्यला पाहा : आयुष्य त्याईच्या होकारावर हाये म्हनते. पोराले पोरगी पसंत हाये!"

माय म्हणाली, "बाप्पा बाप्पा! अन् मले एका शबदानं सांगतलं नाई!"

"लाजते ना पोट्टा. म्हनून तं इतकं वाकडं लिहिलं."

यात गुरुजींची चूक आहे असं मला आजही म्हणता येत नाही. तो मजकूर आज मी वाचला तर मीही पेढेच मागेन.

रविवारी सकाळी नागपूरकडून येणाऱ्या गाडीने मी बडनेऱ्याला उतरलो. पाऊण तासाने अकोल्याकडची गाडी आली आणि तीतून तात्यासाहेब उतरले. पन्नाशीचे, सडपातळ, छत्री काखेत, खिशात छोटी वही आणि पेन्सिल. मी वाकून नमस्कार केला आणि आम्ही टांग्यात बसलो. टांगा हलला तसं मी काम सुरू केलं.

"जनावरं किती?" त्यांनी विचारलं.

"एक बैल. मोटेला दुसरा लागतो तेव्हा शेजाऱ्याचा आणतो."

"दूधदुभतं?"

"चहा काळा असतो, साहेब."

"घरात बसायला वगैरे?"

"पोतं आहे. आपण मनाची तयारी ठेवावी."

"मी मुद्दाम जुनं धोतर नेसून आलोय," तात्यासाहेब म्हणाले. माणूस सज्जन होता. मला इतका उत्साह आला की वाटेत मी मायच्या फाटक्या लुगड्याचं वर्णन केलं, कवेलूंतून गळणाऱ्या पाण्याचं केलं, आणि एका वळणावर तर तात्यासाहेबांनी डोळ्याला उपरणं लावलं. (धूळही असेल. टांगेवालाही डोळे पुसत होता.)

टांगा थांबला. मी म्हणालो, "इथे नाही रे, पुढे घे."

टांगेवाला म्हणाला, "सुखदेवभाऊचंच घर ना? हेच तं हाये."

हेच होतं!

दाराला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण. अंगणात हातभर रुंद सडा-रांगोळी. डाव्या बाजूला शिंगं रंगवलेली बैलांची जोडी. त्यातला आमचा बैल शेजारच्या बैलाकडे असा पाहत होता, जणू त्यालाही हे सगळं नवीन होतं. उजव्या बाजूला एक म्हैस. चांगली काळी, तेल लावलेली, गळ्यात झेंडूची माळ. ती माळ ती अर्धी खाऊन बसली होती. तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हशीकडे पाहिलं. म्हशीने कोणाकडेच पाहिलं नाही.

"काळा चहा?" ते म्हणाले.

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात दारात बाबा आले. म्हणजे आधी एक कोट आला. काळा, जाडजूड, पितळी बटणांची रांग असलेला कोट. त्यात बाबा आहेत हे वर पागोटं होतं म्हणून कळलं. आमच्या मळ्याशेजारी रेल्वेतले एक गार्डबाबू राहायचे. ते अंगाने दुप्पट. त्यांचा हा कोट. बाबांनी रामराम घातला, तर बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर आली नाहीत.

"या साहेब, या! घर तुमचंच हाये."

आत गेलो. जमिनीवर सतरंजी. तिच्यावर दुसरी सतरंजी! चार खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर घडी घातलेली शाल. (शालीखाली शाळेचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, हे नंतर कळलं.) भिंतीवर लंबकाचं घड्याळ. पाटावर चांदीचा तांब्या-भांडं. आणि स्वयंपाकघरातून तुपाचा असा घमघमाट, की माझ्या अर्जातली सगळी वाक्यं एकेक करून मरून पडली.

तात्यासाहेब खुर्चीवर टेकले. वही काढली. मी तोंड उघडणार तोच मायने आतून हाक मारली, "किसना! अंदर ये!" मी म्हणालो, "आलो," आणि जागचा हललो नाही, कारण बाहेर प्रश्नोत्तरं सुरू झाली होती.

"शेती किती?" तात्यासाहेब.

"इथून थे लिंबाचं झाड दिसते ना," बाबांनी खिडकीतून बाही दाखवली, "थथपर्यंत नजर टाका."

लिंबाचं झाड पाटलाच्या वावरात होतं. आणि बाबा खोटं बोलले नव्हते. फक्त नजर टाका म्हणाले होते. असला साक्षीदार मला पुढे चाळीस वर्षांत मिळाला नाही.

"म्हैस दूध देते?"

"चार शेर!"

(हेही खरं होतं. फक्त ते दूध पलीकडच्या गवळ्याच्या घरी जायचं. म्हैस त्याचीच.)

"मुलाच्या शिक्षणाचा खर्च जड जात असेल?"

मी जिवाच्या आकांताने बाबांना डोळ्याने खुणावलं. बाबांना वाटलं, पोरगा म्हणतोय, जोरात सांगा.

"जड? कायचं जड! अजून धा वर्सं शिकतो म्हने तं शिकवतो. सुखदेवनं हात कवा आखडला नाई!"

तात्यासाहेबांची पेन्सिल थांबली. "मग तुमची आमच्याकडून अपेक्षा काय?"

बाबा कोटाच्या आत ताठ झाले. "अपेक्षा? साहेब, एक पैसा नको आमाले."

"एक पैसाही नको?"

"नको. उलट तुमच्या बाजूनं काई कमी पडत असन, तं मोकयेपनानं सांगा. आमी भरून काढू!"

फंडाच्या चिटणिसाला, फंडात काही कमी पडत असल्यास भरून काढण्याचं आश्वासन! मी ओरडलोच, "बाबा!" तेवढ्यात माझा दंड धरून मायने मला आत ओढलं.

"तू गप बस. नवरदेवानं बोलाचं नसते."

"कोण नवरदेव?"

"आता वं माय! सोताच चिठ्ठी लिहितं अन् सोताच इचारतं?"

चुलीपाशी उभ्या उभ्या मला सगळा उलगडा झाला. चुलीवर पुरणपोळी होती. तूप पाटलीणबाईंचं, गूळ दुकानदाराकडून, तांब्या-भांडंही पाटलीणबाईंचंच, घड्याळ गार्डबाबूंचं, खुर्च्या शाळेच्या. माय भल्या पहाटेपासून राबत होती. तिने ठेवणीतलं एकुलतं एक लुगडं नेसलं होतं. तिचा चेहरा इतका फुललेला होता की मला क्षणभर वाटलं, लग्नच करून टाकावं, कोणाशी तरी.

"माय," मी म्हणालो, "तो पोरीचा बाप नाही गं."

"मंग काय, मामा हाये?"

"मामाही नाही!"

"पोरीचा कोनीच नाई तं पाह्याले आला कायले?" आणि तिने मला बाजूला सारून पोळी उलटली. ती करपायच्या बेतात होती आणि पोळी करपवून ऐकण्यासारखं माझ्या बोलण्यात तिला काही वाटलं नाही.

मी बाहेर आलो तेव्हा तात्यासाहेब उभे राहिले होते. छत्री काखेत गेली होती.

"तुमचा अर्ज मी वाचला," ते थंडपणे मला म्हणाले, "तुमचं घरही पाहिलं. दोन्ही एकाच माणसाची आहेत असं वाटत नाही. येतो मी."

हा माणूस दाराबाहेर गेला की लॉ कॉलेज गेलं, वर्ष गेलं, आणि खोटा अर्ज करणारा म्हणून अकोल्यापर्यंत नाव गेलं, हे मला स्पष्ट दिसत होतं. "साहेब," मी सुरू केलं, "वस्तुस्थिती आणि दर्शनी स्थिती यांत जो भेद…" पण दारात माय आडवी आली. हातात ताट.

"पुरनाची पोई खाल्ल्याबिगर या घरातून कोनी जात नाई. बसा!"

वऱ्हाडातल्या बाईने असं म्हटल्यावर बसतात. तात्यासाहेबही बसले. बाबा शेजारी बसले, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून. मायने तुपाची धार धरली आणि तिला वाटलं, आता आपलाही एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

"पोरगी सैपाक करते ना?"

"कोणाची?" तात्यासाहेब म्हणाले.

"तुमची."

"मला मुलगी नाही. तीन मुलगे आहेत."

घरात इतकी शांतता पसरली की गार्डबाबूंच्या घड्याळाला ती सहन झाली नाही आणि त्याने साडेबारालाच पाचाचे ठोके दिले. बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

"मंग," बाबांनी सावकाश विचारलं, "तुमी आले कायले?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मायने पाहिलं. बाबांनी पाहिलं. मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे बाबा, की पत्रातल्या मजकुराचे दोन अर्थ संभवत असल्यामुळे…"

"मराठीत सांग," बाबा म्हणाले.

"फीला मदत मिळावी म्हणून अर्ज केला होता. ती द्यायची की नाही, ते बघायला आलेत."

"मदत कोनी मांगतली?"

"मी."

बाबांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं, त्यांनी ओरडावं. आमच्या घरात वांग्यांत अळी पडली तरी बाबा बाजारात 'यंदा माल जरा कमी हाये' एवढंच म्हणायचे. त्या माणसासमोर मी 'मदत' हा शब्द सतरंजीवर टाकला होता. तीही उसनी.

कोणी काही बोलण्याआधी दारात आरोळी आली. "सुखदेवभाऊ! कोट!"

गार्डबाबू. नुसत्या सदऱ्यात, कपाळावर घाम. मायने हाताने खूण केली : पाहुणे आहेत! गार्डबाबूंनी खूण पाहिली आणि आवाज होता त्यापेक्षा वाढवला. "पाहुने असतील वहिनी, पन माई मालगाडी हाये दोन वाजता! बिना कोटाच्या गार्डाची झेंडी ड्रायव्हर मानत नाई!"

बाबा उठले. एकेक पितळी बटण काढलं. कोट गेला आणि आत बाबा उरले. अंगात तीच बंडी, जिचं वर्णन मी अर्जात केलं होतं. तीन ठिगळं. एक खांद्यावर, एक पोटावर, आणि एक ठिगळावर. गार्डबाबू जाता जाता म्हणाले, "घड्याळबी नेतो, बायको सकायपासून येळ इचारून राह्यली," आणि भिंतीवरून घड्याळ काढून काखेत मारलं.

एकदा धरण फुटलं की फुटलं. गवळी आला : म्हैस पान्हवली होती, धार काढायची होती. म्हैस गेली. तिच्या मागोमाग तिने न खाल्लेली अर्धी माळ गेली. पाटलाचा गडी आला : पाटलांकडे पाहुणे आले होते, वरची सतरंजी हवी होती. मग सावकाश विचार करून म्हणाला, "अन् खालचीबी." आम्ही ताटं उचलून उभे राहिलो, त्याने दोन्ही गुंडाळल्या, तांब्या-भांडं त्यात ठेवलं. शेवटी गुरुजी आले, चेहऱ्यावर हसू, विचारायला : "काय मंग, जमलं काय?"

"तुमीच जमवलं होतं गुरुजी!" माय म्हणाली. "पोरीबिगर पोरीचा बाप आनला तुमी!"

गुरुजींना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा तिसरीत बसल्यासारखं वाटलं. "असं लिहितेत काय बे चिठ्ठी?" ते म्हणाले, आणि खुर्च्या एकावर एक रचू लागले. तीन रचून झाल्या. चौथीजवळ ते थांबले, कारण तात्यासाहेब ताट घेऊन आता तिच्यावर बसले होते.

"हीसुद्धा?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"उद्या सकायी इन्स्पेक्टर येनार हाये जी शायेत."

तात्यासाहेब उठले. मी कोपऱ्यातून पोतं आणून अंथरलं. "साहेब," मी हळूच म्हणालो, "अर्जात उल्लेख केलेलं ते हेच."

त्या क्षणापर्यंत तो माणूस एकदाही हसला नव्हता. आता पोत्यावर बसला, ताट मांडीवर घेतलं आणि असा हसला, असा हसला, की पुरण नाकात गेलं. मायने पाठीवर थाप मारली. मग मायही हसू लागली, गुरुजीही. हसले नाहीत ते फक्त बाबा.

बाबा जमिनीवर बसले होते. ते म्हणाले, "साहेब, आमी खोटं बोललो, त्याची माफी करा. पोराची इज्जत राहावी म्हनून केलं. पन पोरानं मांगाले नोको होतं. मी मया इकला असता."

"मळा विकला असता," तात्यासाहेब म्हणाले, "तर पुढच्या सहामाहीला काय विकलं असतं?"

बाबा बंडीचं ठिगळ चाचपू लागले. (माझ्याकडे याची तीन उत्तरं होती. पण कोणी विचारलं नाही.)

"हे पाहा सुखदेवराव," तात्यासाहेबांनी ताट खाली ठेवलं. "पेरणीला घरात बी नसलं, तर शेजाऱ्याकडून आणता की नाही?"

"आनतो."

"ती भीक असते?"

"भीक कायची? पीक आलं का सवाईनं वापस करतो आमी."

"मग हेही तसंच. मुलगा वकील झाला की पैसे परत करायचे. सवाई नको, जेवढ्यास तेवढे. आणि ते आम्हाला नाही, पुढच्या पोराला. आज तुम्हाला देतोय तेही कोणीतरी परत केलेलंच आहे."

बाबांनी भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बी असन तं चालते." आणि मघाचा अर्धवट राहिलेला घास उचलून त्यांनी तोंडात टाकला.

जाताना मायने तात्यासाहेबांना टोपलीभर कोबी दिला. ते म्हणाले, फंडाच्या माणसाला भेट घेता येत नाही. माय म्हणाली, "भेट कायची? टोपली वापस पाठवजा." कोबीविषयी ती काही बोलली नाही, आणि तात्यासाहेबांनी टोपली उचलली.

पंधरा दिवसांत मंजुरीचं पत्र आलं. त्यात शेरा होता : "कुटुंबाची गरज खरी. वडिलांस खोटे नीट बोलता येत नाही, हा त्यांच्या सचोटीचा पुरावा. अर्जदार मात्र जरुरीपेक्षा जास्त बोलतो. सबब रक्कम अर्जदाराचे हाती न देता वडिलांचे नावे पाठवावी."

अपमान मी गिळला, कारण महिनाअखेर तीन दिवसांवर आली होती. बाबांनी मनिऑर्डरीवर अंगठा उठवला, पैसे कमरेला बांधले आणि आयुष्यात पहिल्यांदा नागपूरच्या गाडीत बसले. मी स्टेशनवर घ्यायला गेलो, पैशांसाठी हात पुढे केला. बाबांनी कमरेवरचा हात काढला नाही.

"साहेबानं माया हाती देल्ले. मीच भरीन."

"अहो, तिथे रांग असते, इंग्रजी बोलतात…"

"पैसे घ्यालेबी इंग्रजी लागते काय? तू जाय तुया वर्गात. शिकाले आला ना?"

मी वर्गात गेलो. संध्याकाळी बाबांनी मला पावती दाखवली, नीट घडी करून पागोट्यात ठेवली आणि रात्रीच्याच गाडीने परत गेले. पावतीला हात लावू दिला नाही. मीही आग्रह केला नाही. फी भरली होती, झालं तर!

चौथ्या दिवशी प्राध्यापकांनी नवी हजेरी घेतली. सगळी नावं संपली, माझं आलंच नाही. त्याऐवजी शेवटी आलं, जरा अडखळत : "सुखदेव लक्ष्मण?"

वर्गात सुखदेव लक्ष्मण कोणी नव्हता. सुखदेव लक्ष्मण त्या वेळी बडनेऱ्याला मेथीला पाणी देत होता.

मी धावत फीच्या खिडकीवर गेलो. कारकून म्हणाला, "नाव विचारलं, गृहस्थांनी सांगितलं. मी लिहिलं."

"अहो, ते माझे वडील!"

"असतील. वय जरा जास्त वाटलं खरं, पण शिकायला वयाची अट नाही. त्यांची फी जमा आहे. तुमची बाकी आहे."

"मग मी काय करू?"

"अर्ज करा," कारकून म्हणाला.

अर्ज मी केला. चांगला तीन पानी, कलमं घालून केला. तो इतका भारदस्त होता की कोणाला समजला नाही, आणि दुरुस्ती व्हायला अख्खी सहामाही गेली. तोवर रोज सकाळी प्राध्यापक पुकारायचे, "सुखदेव लक्ष्मण," आणि मी मान खाली घालून म्हणायचो, "हजर!"

पुढे मी वकील झालो, फंडाचे पैसे परत केले, अमरावतीच्या कोर्टात केस पांढरे केले. आता नातवंडं कौतुकाने विचारतात, "आजोबा, आपल्या घराण्यातून कायदा शिकायला पहिलं कोण गेलं?" खोटं कसं बोलू? कॉलेजचं दप्तर कोणीही काढून बघावं. पहिले गेले बाबा. मी आपला दुसऱ्या पिढीतला, वडिलांच्या पुण्याईने आत शिरलेला. आणि हजेरीचं सांगायचं, तर ते माझ्यापेक्षा कधीही नियमित होते!